बदाम नव्वी

पत्त्यांत लबाडी करणारी माणसं दोन प्रकारची. पहिला प्रकार पैशासाठी लबाडी करतो. त्याच्यासाठी १८८७ सालापासून जुगारबंदीचा कायदा आहे, छापे आहेत, वर्तमानपत्रात 'अड्ड्यावर धाड' अशी दोन ओळींची बातमी आहे. दुसरा प्रकार फुकट लबाडी करतो. वर पदरचे पैसे घालतो, रात्री जागवतो, ब्लेडने बोटं कापून घेतो. त्याला कोणी पकडत नाही, आणि हेच त्याचं दुःख आहे.

रेवसपासून रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात हा दुसऱ्या प्रकारचा गृहस्थ दर गावाआड एक सापडतो. बहुधा तो निवृत्त चित्रकलाशिक्षक असतो, म्हणून लोक त्याला मास्तर म्हणतात. तलाठी म्हणून निवृत्त झालेला असला तरी मास्तरच म्हणतात, कारण 'जादूगार' म्हणावं इतके प्रयोग त्याच्या हातून झालेले नसतात. लहानपणी त्याने पुण्याच्या जादूगार रघुवीरांचा खेळ पाहिलेला असतो, किंवा पाहिला असं इतकी वर्षं सांगितलेलं असतं की आता दोन्हीत फरक उरलेला नाही. रघुवीरांना बघून त्या काळी पुष्कळ पोरांनी जादूगार व्हायचं ठरवलं. पण खेळ संपल्यावर रंगमंचामागे जाऊन 'ती पेटी कोणत्या सुताराने केली?' असं विचारणारं एखादंच पोरगं होतं. ते पुढे मास्तर झालं.

मास्तर ओळखायला सोपे. उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, बोटांच्या पेरांना फेविकॉलचे पापुद्रे, झब्ब्याच्या खिशात पत्त्यांचा एक कॅट आणि पायजम्याच्या खिशात तसाच दिसणारा दुसरा. लग्नाची पत्रिका हातात दिली तर मुहूर्त वाचत नाहीत, तर्जनी आणि अंगठ्यात धरून वाकवतात, सोडतात, कानाशी नेतात आणि म्हणतात, "कागद चांगला घेतलाय." मुलीचा बाप खूष होतो. त्याला काय ठाऊक, की लग्न झाल्यावर ती पत्रिका पाण्यात भिजत पडणार आहे.

मास्तरांच्या आयुष्यातलं मोठं काम म्हणजे 'स्वेंगाली'. ड्यू मॉरिए याच्या १८९४ सालच्या 'ट्रिल्बी' या कादंबरीत दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणारा स्वेंगाली नावाचा इसम आहे, त्याच्यावरून या कॅटचं नाव पडलं. १९०९ च्या सुमारास बर्लिंग हल या अमेरिकन जादूगाराने तो विकायला काढला असं मानतात. रचना अशी, की बावन्नातले सव्वीस पत्ते निरनिराळे आणि पूर्ण लांबीचे. उरलेले सव्वीस सगळे एकच पत्ता, आणि केसभर आखूड. एक लांब, एक आखूड, असे आलटून-पालटून लावायचे. अंगठ्याने कडेवरून फर्रकन सोडले, की पत्ते जोडीजोडीने पडतात, आखूड पत्ता लांबाच्या आड राहतो आणि बघणाऱ्याला सगळे पत्ते वेगवेगळे दिसतात. मग पुन्हा सोडायला लागायचं. त्याने 'थांबा' म्हटलं की थांबायचं आणि तिथला वरचा पत्ता बघायला सांगायचा. तो कायम आखूडच निघतो, म्हणजे कायम तोच निघतो. एवढीच जादू. पाच वर्षांच्या पोराला शिकवली तर पोरगं करतं.

पण हा कॅट घरी बनवायचा म्हटलं, तर एकाच पत्त्याच्या सव्वीस प्रती लागतात. त्यासाठी सव्वीस कॅट फोडावे लागतात, आणि सगळ्यांची पाठ एकसारखी असावी लागते. तयार कॅट मुंबईत दुकानात मिळतो, मोबाइलवर मागवला तर टपालाने घरी येतो, असं मास्तरांना एकदा एका भाच्याने सांगून पाहिलं. वाडीत माड असताना बाजारातून खोबरं आणणाऱ्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. भाचा पुन्हा तो विषय काढत नाही.

कोणता पत्ता निवडायचा यावर मास्तरांनी वर्षभर विचार केला. एक्का गेला तर घरात लगेच बोंब होते. राजा-राणी गेले तर रमी अडते. दश्शी गेली तर मेंढीकोट खेळणारी म्हातारी माणसं काठी घेऊन येतील. दुर्री-तिर्री निवडावी तर बघणाऱ्याला वाटतं, एवढा क्षुल्लक पत्ता मुद्दाम दिला असणार. शेवटी बदामाची नव्वी ठरली. तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, ती कोणाच्या डोक्यात नसते, आणि लाल रंगाची असल्यामुळे चार हातांवरून दिसते.

मग गावाला मास्तरांच्या औदार्याची प्रचिती येऊ लागली. मुंज असो, वास्तुशांत असो, साखरपुडा असो, मास्तरांकडून आहेर म्हणून पत्त्यांचा नवा सीलबंद कॅट. गणपतीच्या जागरणाला मंडळाला दोन. एसटीने मुंबईला परत निघालेल्या चाकरमान्याच्या पोराच्या हातात एक. वरचा पारदर्शक कागद उघडून पुन्हा कोमट इस्त्रीने चिकटवणं ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती मास्तरांना उत्तम साधली होती. आत एक्कावन्न पत्ते. त्यांतल्या जोकरांपैकी एकावर लाल पेनने सुवाच्य अक्षरात 'ब. ९' असं लिहिलेलं. मास्तरांची नीतिमत्ता यात दिसते. त्यांनी पत्ता काढून घेतला, पण पर्यायी व्यवस्था केल्याशिवाय नाही.

तरीही व्हायचं ते झालं. पोरं बदाम सात खेळायला बसली की डाव अठ्ठीवर येऊन थांबायचा. पुढची नव्वी कोणाकडेच नाही, आणि ज्याच्या हातात बदामाची दश्शी, गुलाम, राणी, राजा तो रडकुंडीला आलेला. जोकरावरचं 'ब. ९' लहान पोरांना वाचता येत नाही आणि मोठ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. असं दोन-चार घरांत झाल्यावर पारावर विषय निघाला, आणि वर्षभरात अख्ख्या गावाला कळलं की गावातल्या सगळ्या बदाम नव्व्या मास्तरांच्या घरी गेल्या आहेत. कशासाठी, ते कोणाला कळलं नाही. कोणी म्हणालं, व्रत असेल.

आता पत्ते आखूड करायचे. अर्धा मिलिमीटर, फार तर पाऊण. कात्रीने रेघ सरळ येत नाही, ब्लेडने कड दातेरी होते. म्हणून मास्तर अलिबागला लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कटिंग मशीनवर जातात, तेही लग्नसराई संपल्यावर, कारण सराईत प्रेसवाला त्यांना आत घेत नाही. "मास्तर, अर्धा मिलिमीटर काय मागता? आमच्या पात्याची धारच तेवढी जाड आहे," असं तो म्हणतो, आणि मास्तर वर 'शुभविवाह' छापलेले रद्दी तुकडे ठेवून दाब कसा सारखा आणायचा ते त्यालाच शिकवतात. कापून झालं की कोपरे टोकदार राहतात. ते पुन्हा गोल करायचे ते नेलकटरने. सव्वीस पत्ते, दोन-दोन कोपरे. घरात तेव्हापासून नखं कापायला ब्लेड वापरतात.

त्यातून आखूडपणा ही गोष्ट सापेक्ष. पत्ते जरा कमी कापले गेले तर अंगठ्याला लागत नाहीत. आणखी कापले तर डोळ्याला दिसतात. दिसतात म्हणून मास्तर लांब पत्तेही थोडे कापतात. मग आखूड पुरेसे आखूड वाटत नाहीत. एका पावसाळ्यात हा न्याय इतका पुढे गेला की शेवटी हातात उरला तो लहान मुलांच्या भातुकलीत शोभेल असा बावन्न पत्त्यांचा संच. मास्तर म्हणाले, "खिशात न्यायला बरा."

पत्ता म्हणजे एकावर एक चिकटवलेले दोन कागद. मधला डिंक काळपट असतो, उजेडावर धरला तरी पलीकडचं दिसू नये म्हणून. कोपऱ्यात नख घालून, भिजवून, धीर धरून ओढलं की दोन पदर सुटतात. मग दोन पाठी एकमेकींना चिकटवल्या की दोन्हीकडून पाठ असलेला पत्ता तयार. दोन तोंडं चिकटवली की दोन्हीकडून तोंड. दाबायला काकूंचा पाटा, वर वरवंटा. सुकायला अंगणात चटई. शेजारून जाणाऱ्या कोळणीने एकदा टोपली खाली ठेवून विचारलं, "मास्तर, आमी बोंबील सुकवताव, तुमी पत्तं सुकवता?" मास्तर गंभीरपणे म्हणाले, "ऊन एकच आहे, बाई." बोंबील लवकर सुकले.

किनाऱ्यावरची हवा हा या कलेचा खरा वैरी. अमेरिकेतल्या पुतण्याने 'बायसिकल' छापाचे पत्ते पाठवले. १८८५ पासून निघणारे, जगभरचे जादूगार ज्यांची शपथ घेतात ते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचीही पुरणपोळीसाठी पीठ मळून ठेवावं तशी अवस्था झाली. तेव्हापासून चांगले कॅट तांदळाच्या डब्यात असतात. तांदूळ दमटपणा ओढतो हे मास्तरांचं शास्त्र. काकूंचं म्हणणं, भातात चौकटचा गुलाम निघाला तर पाहुण्यांना काय सांगायचं. एकदा निघाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांच्या कारकिर्दीतली ती सर्वांत यशस्वी जादू, आणि तीत त्यांचा काही हात नव्हता.

ओलाव्याने घात केला तो 'अदृश्य कॅट'च्या वेळी. शिकागोचा जो बर्ग याची १९३६ सालची ही कल्पना मला स्वतःला स्वेंगालीहून फार देखणी वाटते. पत्ते पाठीला पाठ लावून जोडीने ठेवायचे, आणि जोडीची बेरीज तेरा: सत्तीच्या पाठीला छक्की, राणीच्या पाठीला एक्का, राजाच्या पाठीला राजा. पाठींना खरखरीत लेप. मग कॅट पसरला तरी जोडीतला मागचा पत्ता पुढच्याला धरून राहतो, दिसत नाही. समोरच्याने कोणताही पत्ता मनात धरावा. तेवढ्याच जोडीवरचा बोटाचा दाब सैल केला, की नेमका तो पत्ता बाकीच्यांत उलटा पडलेला दिसतो. लेपासाठी परदेशात तयार द्रव मिळतो. मास्तरांनी सुताराकडून राळ आणली, स्पिरिटमध्ये विरघळवली, पिसाने लावली. मे महिन्यात उत्तम चाललं. भाद्रपदात, गणपतीच्या जागरणाला, मंडळाच्या मांडवात, माइक हातात घेऊन मास्तरांनी कॅट पसरायला घेतला आणि तो पसरेना. बावन्न पत्त्यांचा एकच जाड पत्ता झाला होता.

पण त्या रात्री खरी नामुष्की निराळीच होती. मास्तरांनी प्रसंगावधान राखून स्वेंगाली काढला. पहिल्या रांगेतल्या सरपंचांना म्हणाले, "साहेब, कुठेही 'थांबा' म्हणा." सरपंच म्हणाले, "थांबा." मास्तर म्हणाले, "आता पत्ता बघा, कोणाला सांगू नका." तोवर मांडवातली दीडशे माणसं, मागे पंगतीची भांडी घासणाऱ्या बायांसकट, एका सुरात ओरडली, "बदाम नव्वी!"

एरवी एखाद्या माणसाने धंदा सोडला असता. मास्तरांनी फक्त प्रेक्षक बदलले. गावात आश्चर्य शिल्लक नव्हतं, पण शनिवार-रविवारी मांडव्याला ते बोटीबोटीने उतरतं. गेटवेहून येणाऱ्या बोटीच्या वरच्या डेकवर वाऱ्याने दोन-चार नव्व्या समुद्रात गेल्या. पण २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाली; तिच्या आतल्या बंद कक्षात वारा नाही, आणि तासभर कोणाला उठून कुठे जाता येत नाही. कोकणात विकास झाला, असं मास्तर मनापासून म्हणतात ते यासाठी.

आणि त्यात एक सूडही आहे. मुंबईकर एखाद्याला येडा म्हणायचं असेल तेव्हा 'अलिबागहून आलास का?' असं विचारतात. अलिबागकरांनी ते हसून सोडलं नाही. एकाने उच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने, असे विनोद सगळ्यांवरच होतात, अपमान वाटून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून ती फेटाळली. मास्तरांनी निकाल वाचला आणि अपील बोटीवर चालवायचं ठरवलं. समोर बसलेल्या अंधेरीच्या चौघांकडून ओळीने बदाम नव्वी ओढून घ्यायची, चौघांनी एकमेकांकडे बघायचं, आणि मास्तरांनी नम्रपणे विचारायचं, "कुठून आलात आपण?"

इथे थांबले असते तर मास्तर जादूगार झाले असते. त्यांना थांबता येत नाही. अंधेरीकर म्हणतात, "काय हातचलाखी आहे, काका!" या वाक्यावर मास्तरांचा चेहरा उतरतो. हाताने काय केलं? हाताने काहीच केलेलं नाही. सव्वीस कॅट, प्रेसचं पातं, नेलकटर, पाटा, तांदळाचा डबा, सगळं त्या अर्ध्या मिनिटाच्या आत दडलेलं, आणि श्रेय हाताला! ते आधी नुसते खाकरतात. मग म्हणतात, "हातचलाखी कसली? कोपरा बघा जरा, कोपरा." मग पत्ते त्यांच्या हातात देतात. मग एक लांब, एक आखूड, शेजारी-शेजारी धरून उजेडाकडे करतात. मांडवा येईपर्यंत चौघांना सगळं रहस्य समजलेलं असतं, एकाने त्याचं चित्रण केलेलं असतं, आणि मास्तर तृप्त असतात. जादूगारांचा पहिला नियम गुपित फोडू नये हा. मास्तरांना तो मान्य आहे. फक्त ते जादूगार नाहीत, कारागीर आहेत, आणि हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं आहे. सुताराचं काम दिसतं, सोनाराचं दिसतं. मास्तरांचं काम दिसलं तर फसलं, आणि नाही दिसलं तर त्यांना झोप येत नाही.

म्हणून मास्तरांच्या मनातले आदर्शही बघण्यासारखे. रंगमंचावर माणसं कापणाऱ्या जादूगार पी. सी. सरकारांबद्दल त्यांना आदर आहे, पण जीव आहे तो व्हिएन्नाच्या हॉफझिन्झरवर. एकोणिसाव्या शतकातला हा माणूस पत्त्यांच्या जादूला जादूतलं काव्य मानायचा, करामती पत्ते स्वतः योजायचा, आणि पोटासाठी सरकारी खात्यात नोकरी करायचा. शेवटची बाब मास्तर दोनदा सांगतात. सावंतवाडीची गंजिफा मात्र त्यांना आवडूनही पटत नाही. दशावताराचे एकशेवीस पत्ते, हाताने रंगवलेले, लाखेची चकाकी. राजवाड्यात ते बघून मास्तर तासभर हलले नाहीत. बाहेर येऊन म्हणाले, "काम सुंदर. पण पत्ता गोल! गोलाला टोक नाही, बाजू नाही. आखूड कुठून करायचा?" आपल्या पूर्वजांनी लबाडीला वावच ठेवला नाही, याचं त्यांना वाईट वाटलं.

एकदा पत्त्याच्या दोन पदरांत पोलादी पत्र्याचा कपटा घालून लोहचुंबकाने पत्ता हलवायचा बेत झाला. तेव्हा मास्तर अलिबागेत भूचुंबकीय वेधशाळेच्या रस्त्याने जाईनात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याहून इथे हलवलेली ही वेधशाळा. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद बिघडू नये म्हणून बांधकामातही लोखंड टाळलेली. आपल्या खिशातल्या किलवरच्या पंजीने शंभर वर्षांच्या नोंदीत खोट यायला नको, म्हणून मास्तर वळसा घालून बाजारात जायचे. इतकी काळजी तिथले अधिकारीही घेत नसतील.

आणि एवढं करून पत्त्यांच्या डावात मास्तरांना कोणी घेत नाही. गोकुळाष्टमीच्या रात्री ओटीवर रमी रंगते, मास्तर कडेला बसून सुपारी कातरतात. त्यांनी पत्ते पिसायला हात पुढे केला की सगळे आपापले पैसे उचलतात. वास्तविक मास्तर आयुष्यात एक रुपया जिंकलेले नाहीत. पैसे लावून खेळताना त्यांचा हात थरथरतो, कारण तिथे पत्ते सरळ असतात आणि सरळ पत्त्यांचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नाही. उलट ज्यांना डावात घेतात त्यांच्यातले दोघे तरी बाहीत गुलाम ठेवून बसलेले असतात. मास्तरांना ते दिसतं. ते बोलत नाहीत; फक्त दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "काम अगदी ढिसाळ हो. कड सुद्धा घासलेली नव्हती."

तेव्हा रो-रोमध्ये पांढऱ्या झब्ब्यातले, अंगठ्याचं नख वाढवलेले एक गृहस्थ समोर येऊन बसले आणि 'एक पत्ता ओढा' म्हणाले, तर ओढा. बदाम नव्वीच येईल. तरी चकित व्हा. त्यांच्या हाताची स्तुती करू नका, 'कटिंग कुठे केलंत?' असं विचारा, म्हणजे मांडव्याला उतरेपर्यंत ते तुम्हाला सोडणार नाहीत आणि तुम्हालाही कंटाळा येणार नाही. आणि घरच्या कॅटमध्ये बदाम नव्वी जादा असेल, तर ती अलिबागला पाठवून द्या. समुद्रात गेलेल्या अजून भरून यायच्या आहेत.